फौजी ड्रायव्हरची गोष्ट साताऱ्यात घडू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतल्या रहस्यकथा मी न चुकता वाचते आणि मोबाईलवर येणाऱ्या क्राइम सिरीजपण बघते, आणि हल्ली एक गोष्ट सारखी दिसायला लागलीय की लढाईवरून परत आलेला फौजी कुणातरी बड्या माणसाकडे ड्रायव्हर म्हणून लागतो, मग डिकीत मढं निघतं, मग ते लपवता लपवता सगळ्यांची अशी काही धांदल उडते की हसू पण येतं आणि पोटात गोळा पण येतो. हा प्रकार मला मनापासून आवडतो. अशी गोष्ट मराठीत कुणीतरी दमदार लिहावी आणि तुम्ही ती क्रमशः छापावी म्हणून हे पत्र. फक्त लिहिणाऱ्याने आधी एकतरी रिटायर फौजी ड्रायव्हर जवळून बघितलेला असावा, कारण त्याचा खरा पेच कुठं असतो हे आतापर्यंत मी वाचलेल्या एकाही गोष्टीत नीट आलेलं नाही. लोक समजतात पेच बंदुकीचा आहे. माझ्या मते तो हुकमाचा आहे. सविस्तर सांगते.

आमच्या जिल्ह्यात फौजी शोधत फिरावं लागत नाही. अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, इंग्रजांनी तिथं त्यांचं स्मारक उभारलं आणि गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी पडलं. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली साताऱ्यातच निघालं. पण ऑफिसर लोकांच्या गोष्टी खूप झाल्या, मला शिपाई, नाईक, हवालदार यांची गोष्ट हवीय. २६/११ ला गिरगाव चौपाटीवर कसाबची रायफल नुसत्या हातांनी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे आमच्या जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे, त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं हे सगळ्यांना माहिताय, पण पोलिसात जायच्या आधी ते फौजेत होते हे किती जणांना माहिताय? म्हणजे ती त्यांची दुसरी नोकरी होती. आमच्याकडे फौजी माणसाची दुसरी नोकरी हा घरोघरचा विषय आहे. शिपायाला पेन्शनसाठी किमान १५ वर्षं सर्व्हिस लागते, साधारण १७ च्या आसपास करून तो घरी येतो तेव्हा चाळिशीसुद्धा झालेली नसते, पोरं शाळेत असतात, घराचा स्लॅब पडायचा असतो, बहिणीच्या लग्नाचं कर्ज असतं. पेन्शन येते पण ती पुरत नाही. मग कुणी बँकेच्या दारात बारा बोअर घेऊन उभा राहतो, कुणी एमआयडीसीच्या गेटवर, आणि ज्याने फौजेत गाडी चालवलीय तो बिल्डर, डॉक्टर, कारखान्याचे डायरेक्टर असल्या कुणाच्यातरी गाडीवर.

आमचे हे आर्मी सर्व्हिस कोअरला, म्हणजे फौजेला रसद पोचवणाऱ्या शाखेत, एमटी (फौजी गाड्यांचे) ड्रायव्हर होते, १९९९ ला कारगिलच्या वेळी त्या रस्त्यावर होते, आणि रिटायर झाल्यावर बरीच वर्षं प्रायव्हेट गाडी चालवली, त्यामुळे हे सगळं मी बाहेरून बघून सांगत नाहीये.

आता आपल्या लेखकांचं काय होतं बघा. फौजी म्हटलं की त्यांच्याकडे दोनच साचे. एक म्हणजे झोपेत किंचाळणारा, रात्री-बेरात्री उठून रायफल शोधणारा वेडसर माणूस, जो शेवटी चौघा-पाचजणांना मारतो. दुसरा म्हणजे छातीवर मेडल लावून भाषण देणारा. दोघंही कधी बाजारात मेथीची जुडी घ्यायला जात नाहीत. लढाईचा मनावर परिणाम होत नाही असं मी अजिबात म्हणत नाही, होतो, आणि घरच्यांना तो सगळ्यात आधी कळतो, पण तो फार बारीक जागी दिसतो. हे गाडी नेहमी तोंड बाहेर करूनच लावतात, लग्नाच्या हॉलवर असो नाहीतर पोवई नाक्यावर, मागचे हॉर्न मारू देत, आधी वळवणार आणि मगच लावणार. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाहीत. गाडीला एक फेरी मारून टायर, खालची जमीन, तेलाचा डाग बघितल्याशिवाय चावी फिरवत नाहीत, फौजेत त्याला फर्स्ट परेड म्हणतात आणि गाडी परत आल्यावर लास्ट परेड. असल्या सवयींतून माणूस उभा करा की. आणि कृपा करून त्याला उघड्या डोक्याने सॅल्यूट मारायला लावू नका! डोक्यावर टोपी नसेल तर फौजी सॅल्यूट करत नाही, सावधान उभा राहतो आणि जयहिंद म्हणतो. हे मी रागाने लिहितेय कारण यांच्या एका मालकांना पाहुण्यांसमोर हेच हवं असायचं, आमचा फौजी बघा, ए मार रे एक कडक, असं. हे नुसते सावधान उभे राहायचे आणि जयहिंद साहेब म्हणायचे. मालकांना वाटायचं ड्रायव्हर लाजतोय. या एका प्रसंगात अख्ख्या गोष्टीचं बीज आहे असं मला वाटतं, आणि ते एवढ्या वर्षांत कुणा लेखकाला सापडू नये याचं वाईट वाटतं.

विनोदाबद्दल. लोक मला म्हणतात फौजी माणसाच्या गोष्टीत हसायचं कसं, शहिदांचा अपमान होतो. मला हे पटत नाही. काळा विनोद फौजेनेच जपलाय. १९७१ च्या डिसेंबरमध्ये, बांगलादेशच्या लढाईत, तिथल्या जमालपूरला वेढा पडला तेव्हाची हकीकत घ्या, त्या लढाईत आपल्या मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण, शहराच्या दक्षिणेचा रस्ता अडवून बसली होती. आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी आतल्या पाकिस्तानी कमांडरला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, एका म्हाताऱ्या माणसाच्या हाती. उत्तर आलं ते बंदुकीची गोळी गुंडाळलेल्या कागदावर, आणि त्यात मजकूर असा की पेन तर तुम्ही छान चालवता, पुढच्या वेळी हातात स्टेनगन दिसावी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जमालपूर पडलं. आता ज्यांनी ही चिठ्ठी लिहिली आणि ज्यांनी वाचली ते सगळे मरणाच्या दारात बसलेले, तरी एकमेकांना टोमणा मारताहेत. यांचे मित्र घरी जमले की असंच असतं, कोण कसा गेला हे सांगताना मधेच कुणीतरी असं काही बोलतं की सगळे पोट धरून हसतात आणि मी चहाचा ट्रे घेऊन दारात थांबते कारण आत गेले की ते गप्प होणार हे मला माहीत असतं. ते हसणं त्यांचं आहे. लेखकाने वरून विनोद चिकटवायची काही गरज नाही, तो तिथनंच उचलावा.

आता ड्रायव्हर. मला वाटतं खुनाच्या गोष्टीत ड्रायव्हरइतकी मोक्याची जागा दुसरी कुणाची नाही, कारण मागं बसलेली माणसं पुढं बसलेल्याला माणूस धरतच नाहीत. जमिनीचे सौदे, पुढाऱ्याला किती द्यायचे, कुणाला धडा शिकवायचा, बायकोला काय सांगायचं, सगळं त्याच्या मानेमागं बोललं जातं. आणि फौजी ड्रायव्हर तर मुद्दाम ठेवतात, का, तर वेळेवर येतो, ड्युटीवर पीत नाही, तोंड उघडत नाही आणि सांगितलेलं ऐकतो. शेवटच्या कारणापाशी मालक फसतो. त्याला वाटतं हा हुकमाचा ताबेदार आहे, म्हणजे काहीही सांगितलं तरी करील. पण आर्मी ॲक्ट १९५० काढून बघा, कलम ४१, वरिष्ठाचा हुकूम मोडला तर शिक्षा आहे, पण तो हुकूम कायदेशीर असला पाहिजे असं तिथं स्पष्ट आहे. रिटायर झाल्यावर तो कायदा लागू राहत नाही हे मला कळतं, पण तरुणपणची सगळी वर्षं ज्या चौकटीत काढली ती माणसाच्या अंगात राहते. हुकूम आला की तो आधी मनात तोलतो. चालणारा असेल तर अक्षरशः पाळतो, स्वल्पविरामासकट. गोष्टीची सगळी गंमत आणि सगळी भीती या पाळण्यातून यायला हवी.

मी मनात अशी गोष्ट रचलीय, कुणी घेतली तर मला आनंदच आहे. साताऱ्यातला एक बिल्डर, सदर बाजारात बंगला, ड्रायव्हर कोरेगाव तालुक्यातला रिटायर हवालदार. सकाळी फर्स्ट परेडला तो गाडीभोवती फिरतो आणि बघतो तर मागची बाजू दबलीय, एरवी मडगार्ड आणि टायरमध्ये चार बोटं जागा असते, आज तीन आहेत. ज्याने वर्षानुवर्षं लोड बघून गाडी चालवली त्याला वजन डोळ्याने कळतं. तो आत जाऊन सांगतो, "साहेब, मागं सत्तर किलोच्या आसपास वजन हाय, हवा जरा वाढवून घेतो." मालकाच्या हातातला कप खाली पडतो. ड्रायव्हरने डिकी उघडलेली नाही, उघड असं सांगितलेलं नाही म्हणून. इथून पुढं सगळी गोष्ट याच पद्धतीने. मालक म्हणतो कुणाला एक शब्द बोलायचा नाही. ठीक आहे, तो बोलत नाही. पण फौजेत गाडीची कार डायरी असते, तारीख, वेळ, कुठून कुठं, किलोमीटर, आणि गाडी ज्याने वापरली त्याची सही. आमच्या यांनी ती सवय प्रायव्हेट नोकरीत पण सोडली नव्हती, साध्या शंभर पानी वहीत लिहायचे आणि मालक फोनवर बोलत बोलत सही करायचे, काय लिहिलंय कधी वाचलं नाही. माझ्या गोष्टीतला बिल्डरपण प्रत्येक रात्रीच्या खेपेवर सही करत जातो! रात्री १.१०, बंगला ते शेत, वजनासह. रात्री ३.४०, शेत ते बंगला, वजन नाही. सही. बंदूक, मारामारी काही नको, नुसत्या वहीवर अख्खं प्रकरण उभं राहतं.

मढं कुठं टाकायचं हा भाग मी सगळ्यात जास्त वेळ घोळवलाय कारण बाहेरचे लेखक लगेच घाटात टाकून मोकळे होतात. सप्टेंबरात कासला टाकून दाखवा म्हणावं. २०१२ पासून कास जागतिक वारशात आहे, फुलांच्या सीझनला पास, गेट, वनखात्याची माणसं आणि उजाडायच्या आत पोचलेले फोटोवाले, यवतेश्वराच्या चढावर गाड्यांची रांग. त्या रांगेत ही गाडी अडकते, पुढं-मागं मुंबई-पुण्याची कुटुंबं, एक लहान मूल मागच्या काचेला हात लावून उभं, आणि मालक एसीतसुद्धा घामाने भिजलाय. मग परत फिरायचं आणि उसात. उसात मढं टाकलं की गेलं असं शहरातल्या माणसाला वाटतं. ड्रायव्हर शेतकऱ्याच्या घरचा, त्याला फडाचं वय बघूनच कळतं की हा तोडीला आलाय, पण त्याला कुणी विचारलेलं नाही. आता शेतकऱ्याचं आयुष्य कसं असतं तर कारखान्याची टोळी कधी वेळेवर येत नाही, माणूस चकरा मारून मारून दमतो, तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयच्या हातापाया पडतो. आणि नेमकी याच वर्षी याच फडाला टोळी आठवडाभर आधी लागते. बिल्डर आयुष्यात पहिल्यांदा कारखान्यावर जाऊन हात जोडतो की माझा ऊस नका तोडू. हे वाचून आमच्याकडचा प्रत्येक शेतकरी हसेल आणि त्या हसण्यात त्याची स्वतःची कितीतरी वर्षांची चिडचिड असेल. असला विनोद बाहेरून आयात करून येत नाही.

हायवेचंपण तेच. कितीतरी वर्षं साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागायचा आणि पुण्याहून येताना जुना घाट चढावा लागायचा, हे उलटं लिहिलेलं मी वाचलंय, तिथंच माझा विश्वास उडाला. बोगदा संपल्यावर ते एस वळण आहे तिथं किती गाड्या गेल्या ते इथल्या कुणालाही विचारा. तिथं पाठलाग लिहायचा तर नुसता स्पीड लिहू नका. कारगिलच्या वेळी द्रासच्या बाजूचा रस्ता वरच्या शिखरांवरून दुश्मनाला सरळ दिसायचा, म्हणून रात्री हेडलाईट बंद ठेवून गाड्या काढायचे. जो माणूस तिथनं दारूगोळा भरलेली गाडी दिव्याशिवाय घेऊन गेला तो पाठलागात आरडाओरडा करणार नाही, दिवे बंद करील आणि हळू होईल. मागचे गुंड पुढं निघून जातील. आणि तो मागं बसलेल्या मालकाला विचारील, साहेब एसी वाढवू का.

टोलचं तर विसरूच नका. आनेवाडी, तासवडे, दोन्हीकडे फास्टॅग. मालक पोलिसांना सांगतो मी त्या रात्री कराडकडे गेलोच नाही आणि तासवड्याचा मेसेज मालकीणबाईंच्या मोबाईलवर येऊन पडलेला असतो कारण गाडी त्यांच्या नावावर. मालकीणबाईंना खुनाचा संशय येतच नाही, त्यांना वेगळाच संशय येतो. यातून किती काय काय निघेल!

एक कायद्याचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाला आता कलम १०३ लागतं आणि पुरावा नष्ट करण्याला २३८. तरी नव्या गोष्टींत इन्स्पेक्टर ३०२ लावतो ३०२ लावतो म्हणून ओरडत असतो. जुना हवालदार बोलताना ३०२ म्हणेल हे मी समजू शकते, पण एफआयआरमध्ये तरी बरोबर लिहा. आणि २३८ महत्त्वाचं यासाठी की ड्रायव्हरसुद्धा त्यात येऊ शकतो. डिकीत काय आहे ते त्याला माहीत होतं की नव्हतं? माहीत नव्हतं म्हणायला तो खोटं बोलणार नाही. माहीत होतं म्हणाला तर आत जाणार. मग त्याने काय करावं? इथं गोष्टीतलं हसू थांबायला हवं आणि त्या माणसाला बायकोसमोर बसून बोलायला लागावं.

बायकोबद्दल मी आग्रहाने लिहिते. फौजीची बायको म्हणजे उंबऱ्यात डोळे पुसणारी बाई हे कृपया बंद करा. तो सीमेवर असताना सासऱ्यांचं आजारपण, पाण्याची पाळी, बांधावरची भांडणं, शाळेच्या फिया हे सगळं तिनेच बघितलेलं असतं. तो कायमचा घरी येतो तेव्हा घरात दोन हुकूम देणारे होतात, त्याची सवय व्हायला वेळ लागतो, त्यात पण भरपूर विनोद आहे आणि तो कडू आहे. माझ्या गोष्टीत वही वाचणारी पहिली व्यक्ती तीच असते. तिला किलोमीटरचा हिशेब जुळत नाही. ती नवऱ्याला विचारते, आणि हा माणूस, जो मालकापुढं गप्प, पोलिसांपुढं गप्प, तो तिच्या एका प्रश्नाला सगळं खरं खरं सांगून टाकतो, कारण घरात हुकमाचा प्रश्नच येत नाही. पुढं काय करायचं ते दोघं मिळून ठरवतात. वही पोलिसांकडे कशी पोचवायची याची युक्ती तिची असूद्या, त्याची नको. फौजी कॅन्टीनच्या सामानाच्या पिशवीतून गेली तरी चालेल.

आणि शेवट. माझी सगळ्यात मोठी विनंती ही आहे की त्याला मारू नका. फौजी पात्र आलं की शेवटी तिरंग्यात गुंडाळायचंच अशी लेखकांची समजूत झालीय, वाचकाचे डोळे ओले होतात आणि पुस्तक संपतं. आमच्या घरातला माणूस जिवंत परत आला यात कमी नाट्य नाहीये. पेन्शनरला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, आपण जिवंत आहोत हे कागदावर सिद्ध करावं लागतं, नाहीतर पेन्शन थांबते. माझ्या गोष्टीत बिल्डरची माणसं त्याला उडवलं म्हणून निर्धास्त झालेली असतात, गाडी दरीत, पेपरात बातमी, आणि दुसऱ्या दिवशी हा हाताला बँडेज बांधून दाखल्याच्या रांगेत उभा. क्लार्क त्याला ओळखतो, पेपरातली बातमी पण त्याने वाचलेली असते. तो म्हणतो हवालदारसाहेब, तुमचं काय करायचं आता? हा म्हणतो अंगठा कुठं लावायचा ते दाखवा.

कुणी लेखक तयार झाला तर त्याला फौजेतल्या बोलीसाठी आणि गाडीच्या बारकाव्यांसाठी आमचे हे माहिती द्यायला तयार आहेत, मी विचारून मगच लिहितेय. जिल्ह्यात असे खूप ड्रायव्हर आहेत, तेही बोलतील, फक्त त्यांच्यासमोर वही-पेन काढून लगेच कारगिलचं विचारू नका, आधी गाडीचं विचारा. आणि छापताना संवाद आमच्याकडच्या बोलीतच राहू द्या, पुण्याची भाषा करू नका.

कळावे,
एका माजी सैनिकाची पत्नी
ता. कोरेगाव, जि. सातारा